पाटीवर नामवंत शेफचं नाव, तरी जेवून समाधान का होत नाही?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: "आईच्या एकसष्टीला आम्ही सहा जण टीव्हीवरच्या एका नामवंत शेफच्या रेस्टॉरंटच्या ठाण्यातल्या शाखेत गेलो. बिल नऊ हजारांच्या घरात आलं. नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण कुणालाच मजा आली नाही. उलट बेलापूरला दिवाळे गावाजवळच्या साध्या आगरी खानावळीत त्याच्या चौथाई पैशात तृप्त होऊन उठतो. शेफ स्वतः तिथे उभा नसतो हे कळतं, पण रेसिपी तर त्याचीच असते ना?"

तुमचं शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं आहे. हो, रेसिपी त्याचीच असते, आणि बहुतेक शाखांमध्ये ती इमानदारीने पाळलीही जाते. पण त्या दिवशी आलेला माल चाखून, आच बघून त्या रेसिपीत फेरफार करायचा अधिकार त्या किचनमध्ये कुणालाच नसतो. तुम्हाला जे कमी वाटलं, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. मी वर्षानुवर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काम केलं. आता ठाणे-नवी मुंबईतल्या रेस्टॉरंटांची किचन बसवून देतो, बिघडलेली असतील तर सुधारून देतो. तुम्ही हॉटेलचं नाव लिहिलेलं नाही आणि मीही अंदाज लावत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्या हॉटेलचं नाही.

नवी मुंबईतल्या अशाच एका शाखेत मला बोलावलं होतं. तक्रार अशी की माशाचं कालवण काही दिवस उत्तम होतं आणि मधूनच खारट होतं. रेसिपी कार्ड बघितलं. नारळाचं दूध किती, वाटण किती, कोकमाचं आगळ किती मिलिलिटर, मीठ किती ग्रॅम, सगळं नेमकं लिहिलेलं. ओट्यावर वजनकाटा होता आणि मुलं खरंच मोजून घालत होती. गोम निघाली आगळात. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घालतात, आणि किती घालायचं हे करणाऱ्यावर असतं. त्यामुळे नवा कॅन फोडला की आगळाचा खारटपणा बदलायचा, कार्डावरचं मीठ मात्र तेवढंच राहायचं. कालवण करणारा मुलगा गढवालचा. कोकमाशी त्याचा जन्मात संबंध नव्हता, पण जीभ तयार होती. त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला कळत नाही का रे? म्हणाला, "कळतं सर, पहिल्या चमच्यालाच कळतं. पण मीठ कमी घातलं आणि ऑडिटला कार्डाशी जुळलं नाही, तर मेमो मला मिळतो."

ज्या शेफने ते कालवण पहिल्यांदा बसवलं, त्याने आगळ जिभेवर ठेवून मगच मिठाला हात घातला असणार. कोणताही बरा आचारी तेच करेल. कार्डावर त्याचे ग्रॅम उतरले, चाखणं उतरलं नाही.

कांद्याचं तर याहून मोठं आहे, कारण आपल्याकडच्या निम्म्याअधिक ग्रेव्ह्या त्याच्यावर उभ्या असतात. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, बारा महिने कांदा येतो, पण तो बारा महिने एकच नसतो. दिवाळीच्या आगेमागे खरिपाचा लाल कांदा सुरू होतो. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, परतायला घेतला की आधी पाणी सोडतो, मग हळूहळू रंगावर येतो. मार्च-एप्रिलपासून उन्हाळी कांदा येतो. तोच कांदाचाळीत साठवून पुढे पावसाळाभर विकला जातो. तो घट्ट आणि कोरडा, पटकन लाल होतो. आता कार्डावर लिहिलंय: कांदा दहा किलो, मध्यम आच, पस्तीस मिनिटं. डिसेंबरात पस्तीस मिनिटांनी तो कांदा नुसता मऊ पडलेला असतो, कच्चट गोडसर. ऑगस्टमध्ये तेवढ्याच वेळात तो करपायच्या बेताला येतो आणि ग्रेव्हीला मागून कडवटपणा येतो. तुमच्या आई घड्याळ बघून कांदा परतत नाहीत. रंग बघतात, कडेने तेल सुटलं का बघतात, वास घेतात. खानावळीतल्या मावशीही तेच करतात. साखळी हॉटेलातल्या मुलालाही हे करता येतं, पण त्याला ते करायला सांगितलेलं नसतं. टोमॅटोचीही तीच कथा. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला, तेव्हा बऱ्याच किचनांनी डब्यातली प्युरी धरली. प्युरीची आंबटगोड चव ताज्या टोमॅटोहून वेगळी असते. मखनी ग्रेव्हीत साखर आणि लोणी किती, हे त्या दिवशी नव्याने ठरवायला हवं होतं. ते ठरवणार कोण?

मेन्यूचंही तेच. दिवाळ्याच्या खानावळीत जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील पुढे येतात, खाडीतलं काही मिळालं तर ते. "आज पापलेट नाही" असं तुम्हाला तोंडावर सांगतात. छापील, चकचकीत, सगळ्या शाखांना एकच असलेल्या मेन्यूला असं म्हणता येत नाही. मग बारा महिने फ्रोझन बासा. बासा वाईट मासा नाही, पण त्याला स्वतःची चव फारशी नसते. मालवणी म्हणून समोर आला की कोकणी माणूस पहिल्या घासाला ओळखतो आणि मनातून उठतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण कार्ड लिहिणारी माणसं मूर्ख नसतात. या धंद्यात मुलं टिकत नाहीत. कॉमी, म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी, म्हणून लागलेला मुलगा चार-सहा महिन्यांत हजार-दोन हजार जास्त मिळाले की समोरच्या हॉटेलात जातो. गावाला सुट्टीवर गेलेला परतेलच याची खात्री नसते. शाखा वीस आणि प्रत्येक शाखेत दर काही महिन्यांनी निम्मी मुलं नवी, अशा वेळी कार्ड नसेल तर चवीचा खेळखंडोबा होईल. कार्डामुळे अगदी वाईट ताट तुमच्या टेबलावर येत नाही. फक्त खरोखर चांगलं ताट येण्याची वाटही त्याच कार्डाने बंद होते. "नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण मजा आली नाही" असं तुम्ही लिहिलंय. अशी साखळी नेमकं हेच जेवण देण्यासाठी रचलेली असते.

बेस किचनचा, म्हणजे सगळ्या शाखांसाठी एकाच ठिकाणी शिजवणाऱ्या किचनचा मुद्दाही लोक नेहमी काढतात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, तुर्भे या एमआयडीसी पट्ट्यात अशी मोठी किचन आहेत. तिथे ग्रेव्ही शिजते, झटपट थंड केली जाते, पाऊचमध्ये भरते आणि रेफ्रिजरेटेड टेम्पोने शाखांना जाते. शाखेत पाऊच गरम पाण्यात किंवा कढईत गरम होतो, वर पनीर किंवा चिकन, थोडं क्रीम, कोथिंबीर आणि ताट वाढप्याने उचलायच्या काउंटरवर. लोकांना हे फसवणुकीसारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवण्याचा नियम चांगल्या बेस किचनमध्ये जितका कडक पाळला जातो, तितका कित्येक स्वतंत्र हॉटेलांतही पाळला जात नाही. प्रश्न कोणता पदार्थ हा प्रवास सोसतो याचा आहे. दाल मखनी सोसते, उलट मुरल्यावर सुधारते. मटणाचा घट्ट रस्सा बऱ्यापैकी सोसतो. शिजवलेलं चिकन फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहिलं की त्यातल्या चरबीचं ऑक्सिडेशन होतं आणि पुन्हा तापवल्यावर शिळकट वास मारतो. मसाला कितीही घाला, तो वास पूर्ण झाकला जात नाही. फोडणीचा वास तर फारच अल्पायुषी. कढीपत्ता, हिंग, लसूण तेलात पडल्यावर जो घमघमाट सुटतो तो हवेत उडून जाणाराच असतो, पाऊचमध्ये बंद करून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून तो आणता येत नाही. शाखेत ताजी फोडणी देता येते, त्याला दोन मिनिटं आणि एक माणूस लागतो. ती दोन मिनिटं शनिवारी रात्री कुणी देत नाही.

शिवाय पाच ग्रेव्हींवर सत्तर-ऐंशी पदार्थ उभे असतात: मखनी, काजूची पांढरी, पिवळी, कांदा-टोमॅटो, कढई. सहा जणांनी सहा वेगळ्या भाज्या मागवल्या तरी आत दोन-तीन चवीच फिरत असतात. हे साध्या पंजाबी हॉटेलातही होतं, पण तिथे आपण मोठ्या शेफची खास चव शोधायला गेलेलो नसतो.

आता पैशाचं, कारण जिभेवर शेवटी तेही येतंच. मॉलमधल्या शाखेचा ढोबळ हिशेब असा असतो. तुम्ही दिलेल्या शंभर रुपयांतले अठरा-वीस रुपये भाडं आणि मेंटेनन्स. करार बहुतेक वेळा असा की ठरलेलं किमान भाडं किंवा विक्रीचा हिस्सा, जे जास्त ते मॉलचं. पगार अठरा-वीस. वीज, गॅस, पाणी सहा-सात. जाहिरात आणि कार्डाचे चार्जेस वेगळे. रेस्टॉरंटवर 5 टक्के जीएसटी आहे, पण 2017 च्या नोव्हेंबरपासून त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे भाड्यावर भरलेला 18 टक्के जीएसटी खिशातूनच जातो. आणि यात नामवंत नावाची रॉयल्टी, साधारण पाच ते आठ टक्के. ही रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. शाखा तोट्यात असली तरी ती द्यावीच लागते. हे सगळं वजा करून नफा काढायचा, तर कच्च्या मालाला तीस रुपयांच्या आसपास उरतात आणि मॅनेजरवर ते अठ्ठावीसवर आणायचा दबाव असतो. स्वतःच्या गाळ्यात, घरची माणसं लावून चालवलेली खानावळ चाळीस रुपयांचा माल तुमच्या ताटात सहज घालते. दहा रुपयांचा हा फरक काजूऐवजी मगजबी (कलिंगड-खरबुजाच्या बिया), लोण्याऐवजी दुसरी चरबी, लहान तुकडे अशा रूपांनी ताटात दिसतो.

रॉयल्टी विक्रीवर असण्याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो मला जास्त खटकतो. नाव देणाऱ्या कंपनीचं उत्पन्न शाखांच्या संख्येने वाढतं, एकेका शाखेच्या चवीने नाही. फ्रँचायझी घेणारा पुष्कळदा बिल्डर, सराफ किंवा कपड्याचा व्यापारी असतो, किचनमध्ये कधीच न उभा राहिलेला. सुरुवातीला कंपनीची ओपनिंग टीम येते. त्यात खरोखर हुशार माणसं असतात. काही आठवडे ती शाखा दृष्ट लागण्यासारखी चालते, ऑनलाइन परीक्षणं तेव्हाचीच असतात, मग ती टीम पुढच्या शहरात जाते. मागे राहतो सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा माणूस, आणि कार्डांची फाइल. तुम्ही रेटिंग बघून गेला असाल, तर बहुधा ओपनिंग टीमचं रेटिंग बघून आणि सू शेफच्या हातचं जेवून आलात.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्रिटनमधल्या टीव्हीवरच्या जेमी ऑलिव्हर या शेफने 2008 मध्ये ऑक्सफर्डला 'जेमीज इटालियन' सुरू केलं. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत ताजा पास्ता ही कल्पना खरोखर चांगली होती आणि सुरुवातीला बाहेर रांगा लागायच्या. मग भराभर शाखा निघाल्या, महागड्या जागा घेतल्या गेल्या. 2019 च्या मे महिन्यात कंपनी बुडाली, तेव्हा उरलेल्या 25 पैकी 22 रेस्टॉरंट बंद झाली आणि सुमारे हजार जणांची नोकरी गेली. जेमीच्या कळकळीबद्दल कुणी शंका घेणार नाही. पण एका माणसाची कळकळ इतक्या किचनांत वाटता येत नाही. तिथल्याच गॉर्डन रॅमसे या नामवंत शेफचं 2009 मधलं प्रकरणही तेव्हा गाजलं. लंडनमधल्या त्याच्या पबना काही पदार्थ मध्यवर्ती किचनमधून तयार होऊन जातात हे वृत्तपत्रांनी छापलं आणि लोक दुखावले. पदार्थ असुरक्षित होते असं काही नव्हतं, तरी लोकांना वाईट वाटलं, कारण त्यांनी पैसे त्याच्या हातच्या जेवणाचे दिले होते.

अमेरिकेतल्या गाय फिएरी या टीव्हीवरच्या शेफचं उदाहरण मी नव्या मालकांना आवर्जून सांगतो. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला त्याचं मोठं रेस्टॉरंट उघडलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या पीट वेल्स यांनी त्याची अशी चिरफाड केली की ती जगभर वाचली गेली. तरीही रेस्टॉरंट 2017 च्या अखेरीपर्यंत चाललं. कारण तिथे येणारा बहुतेक गिऱ्हाईक पर्यटक, एकदा येतो आणि जातो. घोडबंदरला किंवा सीवूड्सला तसं नाही. इथला गिऱ्हाईक वरच्या टॉवरमध्ये राहतो. त्याला दर महिन्याला कुठे ना कुठे जेवायला जायचंच आहे. एकदा मन उडालं की तो परत येत नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो ते वेगळंच. म्हणून आपल्याकडच्या अशा शाखा पहिलं वर्ष जोरात चालतात आणि मग शनिवार-रविवारच्या हॉटेल होऊन बसतात.

टीव्हीचा वाटाही यात आहे. 1993 मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि आपल्या आया-मावश्या वही घेऊन त्याच्यासमोर बसू लागल्या. तेव्हापासून पडद्यावरचा शेफ आपल्याला घरचाच वाटतो. तो आपल्यासमोर चार माणसांपुरता पदार्थ करतो, एकेक जिन्नस दाखवतो, शेवटी चाखतो. आपण रेस्टॉरंटात जातो ते तेवढ्या लक्षाने केलेलं खायला. तिथे एका रात्रीत दोनशे ताटं निघायची असतात. हे अंतर कुठल्याही शेफला पूर्ण मिटवता येणार नाही, तो कितीही मोठा असला तरी.

मग हे कुणालाच जमलं नाही का? जमलंय. फ्रान्सच्या जोएल रोबुशाँ या शेफने 2003 पासून टोकियो आणि पॅरिस धरून अनेक शहरांत 'लाटेलिए' नावाची रेस्टॉरंट काढली. तिथे वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसं मुख्य शेफ म्हणून बसवली होती. ती फक्त कार्ड पाळणारी नव्हती, बदल करायचा अधिकार त्यांच्याकडे होता. बसायची जागाच किचनला लागून असलेल्या काउंटरवर, त्यामुळे स्वयंपाकी आणि गिऱ्हाईक समोरासमोर. ते महाग प्रकरण आहे, मान्य. पण तत्त्व ठाण्यातही लागू पडतं. मी ज्या शाखा सुधारल्या, तिथे पहिलं काम एकच केलं: मीठ, आंबट, गोड आणि तिखट या चार गोष्टींत कार्डाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक, आणि ती वापरायचा लेखी अधिकार शिफ्टच्या एका माणसाला. त्याने सर्व्हिसच्या आधी प्रत्येक ग्रेव्ही चाखायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. त्या कालवणाचा प्रश्न असाच सुटला. नवा कॅन फुटला की तोच गढवाली मुलगा आगळ चाखून मीठ ठरवू लागला. जिथे मालकाने या माणसाचा पगार वाढवला तिथे चव टिकली. जिथे नाही वाढवला, तिथे तो माणूसच गेला.

पुढच्या वेळी अशा ठिकाणी जायची वेळ आली तर टेबल बुक करतानाच विचारा, इथले मुख्य शेफ कोण आणि किती दिवसांपासून आहेत. नाव चटकन सांगितलं आणि ते वर्षभर तिथे असतील, तर जरूर जा. उत्तरात फक्त टीव्हीवरच्या शेफचं नाव आलं, तर अपेक्षा त्या हिशेबाने ठेवा. मागवताना तंदूरकडे बघा. तंदूरवर उभा राहणारा माणूस कार्ड बघून काम करूच शकत नाही, भट्टीचा ताव त्याला दर वेळी हातानेच ओळखावा लागतो, म्हणून रोटी आणि कबाब या ठिकाणी बहुधा सरस असतात. त्यांच्याबरोबर काळी डाळ किंवा मटणाचा रस्सा. तळलेले मासे, पालेभाजी, भाकरी यांच्यासाठी दिवाळ्याला किंवा ठाण्यातल्या चेंदणीच्या बाजूला जा. घरचं मोठं कार्य असेल तर शनिवार रात्र टाळून मधल्या वारी दुपारी जा, किचनमधल्या माणसाला तुमच्या ताटाला द्यायला ती दोन मिनिटं तेव्हाच असतात.

आणि एक विनंती. फीडबॅक फॉर्मवर "चव नव्हती" असं लिहू नका. ते सेवा, स्वच्छता, वातावरण यांच्या सरासरीत मिसळून जातं आणि हेड ऑफिसला 3.8 एवढाच आकडा दिसतो. पदार्थाचं नाव, दिवस, वेळ आणि नेमकं काय बिघडलं ते लिहा: रविवारी दुपारी दोन वाजता आलेली कढईची ग्रेव्ही मागून कडू लागत होती. अशी तक्रार बेस किचनच्या बॅचपर्यंत शोधत नेता येते. ती वाचणारा माणूस कांद्याच्या पोत्यापाशी जाऊन उभा राहू शकतो.